मेंढरं बसवायला कुणी बोलावलं नाही

मी मूळची लोहाऱ्याकडची. आमच्या भागात काळं रान. नजर पोचेल तिथवर तूर, हरभरा, ज्वारी, आणि पाणी असेल तिथं ऊस. जमीन म्हणजे जिच्यात काहीतरी पेरलेलं असतं ती, असंच मी नोकरीला लागेपर्यंत समजत होते. मग आरोग्यसेविका म्हणून माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. धाराशिवहून एसटीनं निघायचं, येडशी, तेरखेडा मागं टाकायचं, पुढं एका फाट्यावर उतरायचं आणि जीपची वाट बघत बसायचं. गाव बालाघाटाच्या पठाराला टेकून होतं. गावाच्या मागं एक दगडी चढ, आणि चढ संपला की माळ.

पहिल्यांदा तो माळ बघितला तेव्हा मला वाटलं, इथं काहीच नाही. तांबडा मुरूम, दगडगोटे, गुडघाभर वाळकं गवत, मधूनच एखादी बोर, एखादा हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड. सावली नाही, पाणी नाही, माणूस नाही. दूर पठाराच्या कडेला पवनचक्क्या उभ्या, त्याही एकमेकींपासून लांब लांब. माझ्या हद्दीतल्या काही वस्त्या माळाच्या पलीकडं होत्या. चढापर्यंत स्कूटी चालायची, पुढं लसींचा डबा खांद्याला अडकवून पायी. वारा असा, की पदर आवरावा की डबा सांभाळावा कळू नये. कुसळं साडीत, पायमोज्यात, कुठं कुठं घुसायची. घरी आले की मी आधी अंगणात बसून कुसळं काढायची आणि मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायची.

एकदा वस्तीवरची लेकरं बघून परत येत होते. पायवाटेच्या कडेला एक कुत्रं उभं होतं. असतील वस्तीवरची कुत्री, म्हणून मी चालत राहिले. ते भुंकलं नाही. त्यानं शेपूट हलवलं नाही, ते पळालंही नाही. नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. मान जरा खाली, पाय लांब, डोळे पिवळसर. मग माझ्या ध्यानात आलं की हे कुत्रं नव्हे. मी थांबले.

मागून आवाज आला, "उभ्याच ऱ्हावा बाई. जातंय ते आपल्या वाटंनं."

आणि खरंच, लांडग्यानं तोंड फिरवलं आणि घाई नसल्यासारखा तो गवतातून चालत गेला. मी मागं बघितलं. खांद्यावर घोंगडी, डोक्याला विटलेला पटका, हातात काठी, असा एक वाळकासा म्हातारा उभा होता. त्याच्या मागं मेंढरं, आणि मेंढरांच्या मागं एक करडी कुत्री.

"भ्यालाव काय?" त्यांनी विचारलं.

"लई भ्याले."

"भ्यावंच की. म्या बी भेतो. पर ते माणसाकडं येत न्हाय. मेंढराकडं येतंय." मग जरा आवाज चढवून म्हणाले, "आक्का, गप बस आता."

मी इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं कुणी बाई असेल. करडी कुत्री गुरगुरायची थांबली आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली, तेव्हा कळलं की आक्का ती.

तिथून ओळख झाली. मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि त्यांच्या मालकिणीला मामी. घर गावात होतं, पण पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर नवराबायको माळावरच. जाळीचा वाडा उभा करायचा, त्यात मेंढरं कोंडायची, बाजूला दगडांची चूल. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की शेतकरी बोलावून न्यायचे. मेंढरं रात्रभर शेतात बसवायची, लेंडीखत आपोआप पडतं, त्याच्या बदल्यात धान्य. मामांच्या मेंढरांना मोठी मागणी असायची. काही शेतकरी तर दिवाळीतच सांगून ठेवायचे.

मामी अंगानं दणकट, हसणं मोठं, गुडघे मात्र गेलेले. मी दिसले की लांबूनच हाक मारायच्या, "ओ शिस्टर, दुखायची गोळी हाय का?" गोळी घ्यायच्या आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. शेळीच्या दुधाचा, धुराचा वास असलेला चहा. त्या चहासाठी मी फेरी लांबवायला लागले. आणि चहा पिता पिता माळाकडं बघायला लागले.

काहीच नाही म्हणावं असं तिथं काही नव्हतं. गवताच्या टोकावर बसून गाणारा चंडोल होता. बोरीच्या बुडाशी बीळ करून राहणारं खोकड होतं. सकाळी सूर्य वर येताना काळविटांचा कळप एका रांगेत उड्या घेत जायचा, तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहायचा. माझ्या गावाकडच्या काळ्या रानात माणसानं हात लावला नाही असा तुकडा सापडायचा नाही. इथं उलटं होतं. माणूस होता, पण जपून होता. मामा-मामी त्या माळावर पाहुण्यासारखे वागायचे. चूल विझवून राख पसरून द्यायचे, बोरं खाताना झाड झोडपायचे नाहीत. मी का म्हणून विचारलं नाही कधी. ती त्यांची सवय होती.

एका हिवाळ्यात मामा म्हणाले, "बाई, उद्या लौकर या. गंमत दावतो."

मी उजाडायच्या सुमाराला चढ चढून गेले. आम्ही तिघं चालत माळाच्या कडेला आलो. तिथं एक घळ होती. अलीकडच्या काठावर झुडपाच्या आड बसलो. मामींनी पदरात भाकरी बांधून आणली होती. पलीकडच्या काठाला, मोठ्या दगडाखाली, मातीत एक भोक दिसत होतं. बराच वेळ काही नाही. मग भोकातून लांडग्याचं एक काळसर पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, मग आणखी. त्यांच्यात एका वस्तूवरून ओढाओढी चालली होती. मामांनी डोळे बारीक केले.

"आगं, माझी चप्पल ती!"

मामींना हसू आवरेना. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी अंग गदगदत होतं. महिनाभर मामा त्या चपलेवरून मामींशी भांडत होते म्हणे.

परत येताना मी विचारलं, "मामी, ह्यांनीच तुमची कोकरं नेली ना?"

"नेली की. रोज शिव्या घालते तेंला. पर बगायला बरं वाटतंय."

"मग गावात कसं सांगितलं नाही? त्यांनी बीळ बुजवलं असतं."

मामा चालता चालता म्हणाले, "मग माळावर काय आमी दोघंच ऱ्हावं का?"

त्या दिवशी मी बदलीचा विचार सोडून दिला. कुणाला सांगितलं नाही, पण सोडला.

पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी ते घडलं, आता नेमकं आठवत नाही. ज्वारी काढणीला आली होती, एवढं पक्कं आठवतं. गावातलं सगळं माणूस शेतात. मी उपकेंद्रात एकटीच होते. मामा आले ते डाव्या हाताला पटका गुंडाळून. पटका लाल झालेला.

"बाई, लांडगा चावला."

मला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. लांडगा माणसाकडं येत नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं. मामा खुर्चीवर बसले आणि सरळ आवाजात सांगायला लागले. सकाळी मेंढरं चरत होती. लांडगा उघड्यावरून, दिवसाउजेडी, सरळ रेषेत पळत आला. लपणं नाही, वास घेणं नाही. येईल त्या मेंढराला चावा घ्यायचा आणि सोडून पुढं. तोंडातून लाळ गळत होती. आक्का त्याच्यावर धावली. दोघांची मारामारी झाली. मामा सोडवायला गेले तेव्हा हाताला डसला. आणि मग तसाच पळत गावाकडच्या शेतात उतरला.

"आपल्यातला न्हाय तो," मामा म्हणाले. "आपल्या माळावरचे म्या वळखतो. कुठनं तरी भटकत आला आसंल."

लांडगा पिसाळलेला होता, हे उघड होतं; मी त्यांचा हात नळाखाली धरला. साबण लावून धूत राहिले. पाण्याबरोबर रक्त, माती, लोकर सगळं वाहून जात होतं. मामा एवढंच म्हणाले, "आक्काच्या तोंडाला चावलंय. तिला बी सुई आसती ना?"

तेवढ्यात शेतांकडून ओरडा ऐकू आला. ज्वारी काढणाऱ्या एका म्हातारीच्या गालाला त्याच लांडग्यानं चावा घेतला होता, आणि मग माणसांनी त्याला विळ्या-काठ्यांनी मारून टाकलं होतं. मी गावातल्या आशाताईला फोन करून म्हातारीकडं पळवलं आणि मामांना घेऊन जीपनं आधी आरोग्य केंद्रात आणि तिथून धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात गेले. लस मिळाली, जखमेत द्यायचं सीरमही मिळालं. सुई आत जाताना मामा भिंतीकडं बघत होते. मी मनात म्हटलं, वेळेत आलो, हा माणूस वाचला.

म्हातारी मात्र आली नाही. तिच्या घरच्यांनी तिला मोटारसायकलवर बसवून दुसऱ्या गावच्या एका माणसाकडं नेलं होतं. तो मुळी उगाळून देतो, म्हणे. आशाताईनं हातापाया पडून सांगितलं, दुसऱ्या दिवशी मीही जाऊन सांगितलं. मुलगा म्हणाला, "आमच्यात पहिल्यापासून हेच करत्यात बाई. उतरतंय." मी ओसरीवरून उठलेच नाही. शेवटी ते तयार झाले, दवाखान्यात नेलं, पण चावा तोंडाला होता आणि मधले दिवस गेले होते.

चाव्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही धाराशिवहून परत आलो तेव्हा चढावरूनच धूर दिसला. माळावर गवत पेटलंय असं मला वाटलं. मामा मेंढरांकडं न जाता थेट घळीकडं चालायला लागले. मी मागोमाग. मामी वाटेतच भेटल्या, आक्काला लांब साखळीनं हिवराला बांधून त्या आमचीच वाट बघत होत्या.

"नका जाऊ तिकडं," त्या म्हणाल्या. "झालंय सगळं."

गावातली माणसं येऊन गेली होती. बिळाच्या तोंडाशी मिरच्या आणि ओलं गवत पेटवलं होतं, आणि मग वरून दगड रचले होते. मामा पलीकडच्या काठावर गेले. बसून एक दगड बाजूला केला, दुसरा केला. मग हात थांबवला. आतून काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी काढलेले दोन्ही दगड परत होते तिथं ठेवले.

मी त्या माणसांना नावं ठेवू शकले नाही, आजही ठेवत नाही. त्यांच्यातली एक बाई चावा घेतलेला गाल धरून घरात पडली होती. त्यांना माळावरचा कुठला आणि भटकत आलेला कुठला, हे कसं कळावं? पण त्या दगडांपुढं बसलेले मामा डोळ्यापुढून जात नाहीत.

आक्काला जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचली. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तोंडावर चावलंय, सिस्टर. काही सांगता येत नाही. बांधून ठेवा म्हणावं, हात लावू नका." मी ते मामांना सांगितलं. चावलेली मेंढरं त्यांनी वेगळी काढली, ती एकेक करून गेली. आक्का मात्र दिसायला चांगली होती. हिवराखाली बसायची, मामा दिसले की शेपूट आपटायची. मामी जर्मनच्या भांड्यात भाकरी कुस्करून काठीनं भांडं तिच्याकडं सरकवायच्या. मेंढरं चरायला निघाली की ती साखळी ताणून उभी राहायची. आपल्याला का ठेवून जातात, हे तिला कळत नव्हतं. मामा तिच्याकडं न बघता निघून जायचे.

शिमगा होऊन गेला. मामांच्या सुयांना मी त्यांच्याबरोबर जात होते. एका सकाळी मी त्यांच्या वाड्यावर गेले तर मामी चुलीपाशी नुसत्याच बसलेल्या. चूल पेटवलेली नव्हती.

"आवाज बदललाय तिचा," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. हिवराखालून घोगरं, तुटक, घशात अडकल्यासारखं काहीतरी येत होतं. पाण्याचं भांडं उपडं पडलेलं. आक्का साखळीला चावत होती. मामा तिच्यापासून साखळीच्या पल्ल्याबाहेर, उन्हात, जमिनीवर बसले होते. गावातले दोघं कुऱ्हाड-काठी घेऊन आले आणि म्हणाले, मामा, आम्ही उरकतो, तुम्ही तिकडं व्हा. मामांनी मान हलवली.

"तिची ती जाऊ द्या. म्या हाय हितं."

मी त्यांना म्हटलं, "मामा, सावलीत तरी बसा."

"तिला दिसाय पायजे मी," ते म्हणाले.

तिला दिसत होतं की नाही, कोण जाणे. माझ्या मते नव्हतं. तरी ते तिथंच बसून राहिले, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. ती गेल्यावर त्यांनी खोल खड्डा खणला, काठीनं तिला ढकललं, वरून चुना टाकला. मी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

त्याच सुमाराला ती म्हातारी वारली. मी शेवटचे दोन दिवस तिच्याकडं जात होते. पाण्याचा तांब्या समोर धरला की तिचा गळा आवळायचा, वाऱ्याची झुळूक आली तरी ती दचकायची. गावानं ते बघितलं आणि गावाच्या मनात जी भीती बसली ती उठली नाही.

भीती मामांवर येऊन बसली. लांडगा त्यांनाही चावला होता ना. त्यांनी सगळ्या सुया घेतल्या, जखम भरून आली, मी घरोघर सांगत होते की यांना आता काही होणार नाही. लोक माझं ऐकून घ्यायचे, "व्हय बाई, व्हय" म्हणायचे. आणि मामा समोरून आले की लेकरांना घरात ओढायचे.

एकदा उपकेंद्रात बसून मामा म्हणाले, "हाटेलात आता मला कागदाच्या कपात चा देतेत. दुसऱ्यांना काचंच्या." आणि हसून म्हणाले, "लई मोठा सायेब झालो म्या."

मी उठले, चहा केला आणि दोघांनी एकसारख्या कपात घेतला. त्यानं काय होणार होतं?

पाडवा आला. शेतं मोकळी झाली. दरवर्षी ह्या दिवसांत मामांना उसंत नसायची. त्या वर्षी मेंढरं बसवायला कुणी बोलावलं नाही. वैशाख निम्मा गेला तरी मेंढरं माळावरच्या वाळक्या गवतात तोंड घालत होती. ज्यांच्या शेतात मामांची मेंढरं वर्षानुवर्षं बसायची त्या शेतकऱ्याकडं मी गेले. चांगला माणूस. मला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मी सगळं परत समजावून सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "बाई, मला कळतंय. पर घरातली ऐकत न्हाईत. त्या मेंढरांतली पण मेलीच की. मातीत काय आसंल तर?"

मी पाराजवळ माणसं जमवली, आमच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, कुणी शंका विचारली नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लांबच्या गावच्या मेंढपाळाला बोलावून आणलं.

मामांनी कुणाशी भांडण केलं नाही. मामी एकदा पाणवठ्यावर तडातडा बोलल्या आणि घरी येऊन रडल्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी मेंढरं विकली. टेम्पो चढाच्या खाली उभा होता. मामा एकेक मेंढरू उचलून आत देत होते. जाळी गुंडाळून झाल्यावर माळावर एक चौकोनी, काळपट, तुडवलेला तुकडा उरला. थोड्याच दिवसांत पाऊस झाला आणि त्या तुकड्यावर बाकीच्या माळापेक्षा आधी गवत उगवलं.

दोघं तेरखेड्याला लेकीकडं राहायला गेले. लेक फटाक्यांच्या कामाला जायची. मी महिन्यातून एकदा मिटिंगला जाताना त्यांच्याकडं डोकवायची. मामा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असायचे. अंगात धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल. गावाबाहेर कुठंतरी माल तपासायला फटाका वाजवायचे आणि मामांचे खांदे दर वेळी उडायचे. आयुष्यभर ज्या माणसानं लांब गवतात पान हललं तरी ऐकलं, त्याला त्या आवाजांची सवय होणार कशी?

"माळावर काय दिसतंय का?" ते दर खेपेला विचारायचे.

मी जे दिसलं ते सांगायची. काळविटं आहेत. खोकडाची पिल्लं झाली. पवनचक्क्यांसाठी नवा रस्ता केलाय, घळीचा एक काठ त्यात गेला.

"आन् ते?"

"नाही दिसले मामा. मीही बघत असते."

ते मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, खोकला झाला, छातीत कफ भरला. दवाखान्यात न्यूमोनिया सांगितला. मी भेटायला गेले तेव्हा ऑक्सिजनची नळी नाकाला होती, त्यांनी माझा हात धरून ठेवला. दोन दिवसांनी गेले.

मातीला गावाकडची चार माणसं आली होती. त्यांच्यात कुजबुज चाललेली मी ऐकली. "शेवटी लांडग्यानंच नेलं." मामींनीही ऐकलं. सगळे पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"शिस्टर, खरं सांगा. ते म्हणतेत तसं हाय का?"

"नाही मामी. छाती भरली होती. ते विष नव्हतंच त्यांच्या अंगात. एक थेंब नव्हता."

"शपथ?"

"तुमच्या गळ्याची."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. तो खाली घेऊन म्हणाल्या, "मग तसं तुमी समद्यांना सांगा."

मी सांगितलं. अजूनही सांगते. लोक "व्हय बाई, व्हय" म्हणतात.

पुढं माझी बदली धाराशिवला झाली. आता माझी फेरी डांबरी रस्त्यांवरून, नव्या कॉलन्यांमधून असते. सुट्टीच्या दिवशी कधीतरी मी स्कूटी काढते आणि त्या चढापर्यंत जाते. माळाच्या चारी बाजूंनी आता मुरमाचे रुंद रस्ते गेलेत. मेंढरं येत नाहीत म्हणून काही भागात गवत छातीपर्यंत वाढलंय, काही भागात उखडलेला दगड. वाऱ्याच्या आवाजात पवनचक्क्यांच्या पात्यांचा घुमारा मिसळलेला असतो. कुणी नवीन माणूस तिथं आलं तर त्याला वाटेल, इथं काहीच नाही. मी त्याला काय दाखवणार? इथं एक वाडा होता, इथं चूल होती, त्या काठावर पिल्लं खेळायची. हाताशी दाखवायला काहीच नाही, नुसतं सांगायला आहे. एखादी मोकळी जागा ओसाड होताना बघणं हे घर पडताना बघण्यापेक्षा अवघड. घर पडलं तर निदान भिंती दिसतात.

गेल्या हिवाळ्यात मामींनी लेकीच्या फोनवरून फोन केला. "मला एकदा माळावर न्या," म्हणाल्या. मी रविवारी गेले. त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. आता नव्या रस्त्यानं गाडी थेट वरपर्यंत जाते. त्यांनी माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं.

वर पोचल्यावर त्या उतरल्या आणि उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते की त्या काहीतरी ओळखतील, हे इथं होतं, ते तिथं होतं म्हणतील. त्या नुसत्या सगळीकडं बघत होत्या. रस्त्यानं खुणा बदलल्या होत्या. घळीचा काठ कापलेला, हिवर तोडलेला.

"आमी नेमकं कुठं बसायचो?" त्यांनी विचारलं.

मी बोट केलं. माझीही खात्री नव्हती. त्या तिकडं थोडं चालल्या, गुडघे धरून थांबल्या, खाली वाकून मुरमाचा एक खडा उचलला आणि परत टाकून दिला. वारा सुटला होता. त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. लांब कडेला चार-पाच काळविटं चरत होती, ती मी त्यांना दाखवली. त्यांनी बघितली, "हायेत व्हय अजून," म्हणाल्या.

आम्ही तिथं फार वेळ थांबलो नाही. परत येताना फाट्यावर रसवंती दिसली. मी गाडी थांबवली. मामींनी रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून हळूहळू संपवला, ओठ पुसले. रस्त्यावरून ट्रक जात होते. त्या ट्रककडं बघतच म्हणाल्या,

"शिस्टर, आता मला पुन्यांदा नका नेऊ तिकडं."

मी बरं म्हटलं. त्यांना गाडीवर नीट बसवलं आणि आम्ही तेरखेड्याच्या दिशेनं निघालो.